रिपॅक: ब्रेकमधल्या ग्रीसवरून नाव पडलेला उतार

#थ्रेड

(१) कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, फेअरफॅक्स या गावाबाहेर, पाइन माउंटनवरून उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. वणवा विझवणाऱ्या बंबांना जाता यावे म्हणून तो काढलेला. लांबी जेमतेम ३.४ किलोमीटर, उतरण मात्र सुमारे ४०० मीटरची. माउंटन बाइकच्या इतिहासात हा रस्ता 'रिपॅक' म्हणून ओळखला जातो. हे नाव ना डोंगराचे, ना कुणा वीराचे. ते एका दुरुस्तीचे नाव आहे.

(२) १९७० च्या दशकात तेथील काही तरुण १९३०-४० च्या काळातील श्विन एक्सेलसिअरसारख्या जाड टायरच्या जुन्या सायकली शोधून आणत. या सायकली मूळच्या शाळकरी मुलांच्या, गावातल्या रस्त्यांवर फिरण्यासाठी केलेल्या. बहुतेकींना ब्रेक एकच, तोही मागच्या चाकाच्या हबमध्ये दडलेला: कोस्टर ब्रेक. पेडल उलटे दाबले की आतील भाग फुगून हबच्या आतल्या अंगावर घासतो आणि चाक थांबते. हे घर्षण सुसह्य व्हावे म्हणून आत ग्रीस भरलेले असते.

(३) आता थोडा हिशेब. स्वार आणि अवजड सायकल मिळून ९५ किलो धरले, तर ४०० मीटर खाली येताना सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. सव्वा लिटरच्या आसपास पाण्याला आधण येईल इतकी ही उष्णता. काही भाग वाऱ्यात आणि मातीत जातो; उरलेला सगळा मुठीएवढ्या लोखंडी हबमध्ये, तोही अवघ्या पाच मिनिटांत.

(४) परिणाम ठरलेला. ग्रीस वितळे, मग जळे. खाली पोहोचेपर्यंत हबमधून धूर निघत असे. पुढच्या फेरीआधी हब उघडून, पुसून, नवे ग्रीस ठासून भरावे लागे. इंग्रजीत या कामाला 'रिपॅक' म्हणतात, आणि तेच नाव रस्त्याला चिकटले.

(५) २१ ऑक्टोबर १९७६ रोजी येथे पहिली वेळबद्ध शर्यत झाली. चार्ली केली आणि फ्रेड वुल्फ हे तिचे कर्ते. ॲलन बाँड्स जिंकला. कारण साधे होते, न पडता खाली आलेला तो एकटाच. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम केला. जो ब्रीझची सर्वोत्तम वेळ त्याहून फक्त २ सेकंदांनी जास्त होती.

(६) ही शर्यत म्हणजे ब्रेकची परीक्षाच होती. फिशरने जुन्या एक्सेलसिअरला दोघांच्या टँडम सायकलीचे ड्रम ब्रेक बसवले. ते ओढायला मोटारसायकलचे लिव्हर लावले. हाताच्या पकडीत जोर आला, पुढच्या चाकालाही ब्रेक मिळाला. सायकल आणखी जड झाली, पण उतारावर त्याचे दुःख कोणाला?

(७) येथे एका लोकप्रिय कथेला आवर घालायला हवा. माउंटन बाइक मरिनमध्येच जन्मली असे सर्रास सांगितले जाते. परंतु १९७४ मध्ये मिल व्हॅली येथील सायक्लोक्रॉस शर्यतीला कुपर्टिनोहून आलेल्या मुलांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर आणि ड्रम ब्रेक आधीच होते. त्यांच्या टोळीचे नाव 'मॉरो डर्ट क्लब'. मॉरो हा एका कोस्टर ब्रेकचाच छाप! श्रेय मरिनला द्यायचे तर ते शोधाचे नव्हे, सातत्याने शर्यती भरवून त्या शोधाचा प्रसार केल्याचे द्यावे.

(८) १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची नवी सायकल घडवली. तिला रिमवर दाबणारे कँटिलिव्हर ब्रेक होते. हबमध्ये कोंडणारी उष्णता आता मोठ्या, वाऱ्यात फिरणाऱ्या रिमवर पसरू लागली. ग्रीसचा प्रश्न मिटला. पावसात आणि चिखलात मात्र हे ब्रेक निसटत. त्यावर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक सर्वत्र रुळायला पुढची वीसेक वर्षे जावी लागली.

(९) आणि मग आल्प्स. फ्रान्समधील आल्प द्युएझजवळ १९९५ पासून 'मेगाव्हालांश' ही शर्यत भरते. ३,३०० मीटरवरच्या पिक ब्लाँच्या बर्फातून निघून स्वार आलेमों गावी, सुमारे २,६०० मीटर खाली उतरतात. रिपॅकच्या सहापटीहून अधिक उतरण, म्हणजे उष्णताही तितकीच. ती बोटभर रुंदीच्या पॅडमधून आणि पातळ पोलादी तबकडीतून बाहेर पडायची.

(१०) म्हणून तयारीत जुनाच प्रश्न नव्या रूपात येतो. आता जळायला ग्रीस नाही. उकळायला द्रव आहे. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पण ते हवेतली वाफ शोषते आणि पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, द्रव दबत नाही. लिव्हर थेट मुठीला टेकते आणि सायकल थांबत नाही. जाणते स्वार म्हणूनच आधी ऑइल बदलतात, नळीतली हवा काढतात आणि २०० मिलिमीटरच्या आसपासची मोठी तबकडी लावतात. नवे पॅड असतील तर वीसेक वेळा वेग घेऊन, ब्रेक दाबून ते तबकडीवर बसवून घेतात. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही; वळणाआधी जोरात दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळेत वारा लागतो. आलेमोंला पोहोचल्यावर तबकडीवर निळसर-तपकिरी झाक दिसली, तर दाबणे लांबले होते असे समजावे.