दारू पिऊन गाडी चालवताना पुन्हा सापडला, तर तुरुंग की उपचार?

समजा, कवठे महांकाळजवळ रत्नागिरी-नागपूर महामार्गावर नाकाबंदी लागलीये. पोलिसांनी एका बाइकवाल्याला थांबवून मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा मर्यादेच्या वर. याच गुन्ह्यात त्याने वर्षभरापूर्वी कोर्टात दंड भरला होता. आता पुढे काय?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद, १५ हजार दंड किंवा दोन्ही. दंडाच्या या रकमा २०१९ च्या दुरुस्तीतल्या आहेत. शिवाय कोर्ट त्याला लायसन्ससाठी अपात्रही ठरवू शकतं.

पण हा माणूस पुन्हा पुन्हा का पितो, हे कलम १८५ विचारत नाही. व्यसन असेल तर दंड घरखर्चातून जातो आणि बाटली तिथेच राहते.

मग दुसरा मार्ग कोणता?

अमेरिकेत १९९५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेस इथे अशा चालकांसाठी खास कोर्ट सुरू झालं. अशा कोर्टात आरोपीला ठरावीक दिवसांनी न्यायाधीशांसमोर हजर व्हावं लागतं. सोबत व्यसनमुक्तीचे उपचार आणि अचानक होणाऱ्या चाचण्या. नियम मोडले तर तुरुंग.

साउथ डकोटा राज्याने २००५ मध्ये आणखी सोपी पद्धत आणली. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून दाखवायचं, दारू सापडली की लगेच एक-दोन दिवस कोठडी. रँड संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात पुन्हा अशाच गुन्ह्यात होणाऱ्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसाचारातल्या अटका ९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

आपल्याकडे हे शक्य आहे का?

असं वेगळं कोर्ट आपल्याकडे नाही. पण अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ मध्ये वाट आहे. कलम ४ नुसार कोर्ट दोषी व्यक्तीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. नशेपासून दूर राहण्याची अटही घालू शकतं.

मात्र अपघातात कुणाचा जीव गेला असेल, तर ही सवलत देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात बजावलं.

मे २०२४ मधलं पुण्याचं पोर्शे प्रकरण आठवा. दोघांचा जीव गेला होता. बाल न्याय मंडळाच्या जामिनाच्या अटींमधल्या ३०० शब्दांच्या निबंधाची देशभर चर्चा झाली. दारू सोडण्यासाठी उपचारांची अटही त्याच आदेशात होती. लोक संतापले आणि तीन दिवसांत मंडळाने त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. माणसं गेल्यावर उपचारांची अट कुणालाच पुरेशी वाटत नाही. तिची खरी वेळ नाकाबंदीत पहिल्यांदा सापडल्यावरची.

घरच्यांनी काय करावं?

कोर्टाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. एक काळजी घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. आणि तोवर गाडीची चावी त्याच्या हाती देऊ नका.