वेकच्या बरणीचे वय

तळघर रिकामे करताना शेजारच्या आजीबाई काचेच्या जुन्या बरण्या देऊ करतात, किंवा फ्लोमार्क्टवर "१९०० सालची" म्हणून एखादी बरणी महाग विकली जाते. झाकणावर 'वेक' हे नाव असते. पण तेवढ्यावरून वय ठरत नाही, कारण हे नाव शंभराहून अधिक वर्षे चालत आले आहे.

जर्मन शिकताना 'आइनवेकन' हा शब्द भेटला की आपल्याला 'वेकन' म्हणजे जागे करणे आठवते. त्याचा इथे काही संबंध नाही. हे एका माणसाचे आडनाव आहे.

मूळ युक्ती मात्र गेल्सनकिर्खेनचे रसायनतज्ज्ञ रुडॉल्फ रेम्पेल यांची. बरणीची कड घासून सपाट करायची, रबरी कडे व झाकण बसवायचे, वर वजन ठेवून पाण्यात उकळायचे. आतली हवा बाहेर जाते आणि थंड झाल्यावर झाकण आपोआप घट्ट बसते. १८९२ साली त्यांना पेटंट मिळाले, पण पुढच्याच वर्षी ते वारले. १८९५ मध्ये योहान वेक यांनी ते हक्क विकत घेतले. ते शाकाहारी होते आणि दारूचे विरोधक. फळे दारूत न मुरवता टिकवण्याची ही रीत त्यांना पसंत पडली. १ जानेवारी १९०० रोजी त्यांनी गेओर्ग फान आइक यांच्यासह बाडेनमधील ओफ्लिंगेन येथे कंपनी स्थापन केली. १९०२ मध्ये वेक बाहेर पडले. घरोघरी हे नाव पोचवले ते फान आइक यांनी.

आता वय कसे ओळखावे?

१. 'डी.आर.पी.' किंवा 'डी.आर.जी.एम.' ही अक्षरे राइखच्या काळातील पेटंट व नमुना-नोंदणीची. असा नमुना बहुधा १९४५ पूर्वीचा.

२. 'फाउ.ए.बे.' हे शब्द पूर्व जर्मनीतील सरकारी कारखान्याचे, म्हणजे १९९० पूर्वीचे.

३. स्ट्रॉबेरीचे चिन्ह हा वयाचा पुरावा नव्हे. ते आजच्या बरण्यांवरही असते. २०२३ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली, तरी नव्या मालकाकडे उत्पादन चालू राहिले.

४. हिरवट झाक व काचेतले बुडबुडे जुनेपणा सुचवतात, सिद्ध करत नाहीत. हिरवा रंग वाळूतील लोहामुळे येतो.

५. 'रेक्स' वा 'गेरिक्स' ही नावे दुसऱ्या उत्पादकांची. सगळ्याच बरण्या वेकच्या नव्हेत.

बरणी वापरायची असेल तर कडेवरून बोट फिरवून पाहा. कपचा उडाला असेल तर ती डाळ-तांदळासाठी ठेवा. रबरी कडे नेहमी नवे घ्या. आपले लोणचे मीठ, तेल व आंबटपणावर टिकते, त्याला दादरा बांधला तरी पुरतो. शिवाय तेलाने साधे रबर फुगते. वेकची बरणी उष्णता व निर्वातावर चालते. दोन्ही रीतींची गल्लत करू नये.

आणि आजीबाईंनी बरणी दिलीच, तर ती कोणत्या वर्षी भरली, आत काय होते, हेही विचारून घ्या. काचेवरील अक्षरे फार तर कारखान्याचा काळ सांगतील. टंचाईच्या दिवसांत त्या घरात कोणी काय खाल्ले, हे आजीबाईच सांगू शकतात, आणि ते विचारणारे हल्ली फारसे कोणी येत नाही.