समुद्रपातळीचे संयुक्त मापन

समुद्रपातळीचे संयुक्त मापन : उपग्रहांवरील रडार आणि किनाऱ्यावरील व समुद्रातील उपकरणे यांच्या नोंदींची सांगड घालून समुद्रपातळीतील बदल व त्यांची कारणे ठरविण्याची पद्धती.

किनारी नोंदी : भरतीमापक धक्क्याजवळील जमिनीवरच्या कायम खुणेच्या संदर्भात पाण्याची उंची मोजतो. मुंबईच्या अपोलो बंदर येथील नोंदी १८७८ पासूनच्या असून हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. मात्र जमीन खचली, तरी नोंदीत पाणी चढल्यासारखेच दिसते. याउलट स्टॉकहोम येथे हिमयुगानंतर जमीन वर येत असल्याने पातळी उतरताना दिसते. हा परिणाम वेगळा काढण्यासाठी भरतीमापकाजवळ उपग्रह-स्थाननिर्धारण संच बसवतात.

उपग्रहीय नोंदी : रडार लहरीला पृष्ठभागावरून परतण्यास लागणाऱ्या वेळावरून उपग्रह व पाणी यांतील अंतर मिळते. ते कक्षेच्या उंचीतून वजा केले की पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भातील पातळी कळते. अमेरिका व फ्रान्स यांच्या टोपेक्स/पोसायडनपासून (१९९२) ही नोंद अखंड आहे. जेसन मालिका व सेंटिनेल-६ यांनी ती पुढे चालवली. किनाऱ्यालगत जमिनीवरून येणाऱ्या परावर्तनामुळे मापन बिघडते. भारत व फ्रान्स यांच्या ‘सरल’ (२०१३) उपग्रहाने केए-पट्ट्यातील रडारमुळे किनाऱ्याच्या अधिक जवळचे मापन शक्य केले.

पडताळणी : टोपेक्सच्या पहिल्या रडारमध्ये हळूहळू शिरलेली चूक भरतीमापकांशी तुलना केल्यावर स्पष्ट झाली. तिच्यामुळे आरंभीच्या वर्षांतील वाढ प्रत्यक्षाहून अधिक दिसत होती. दुरुस्तीनंतर वाढीचा वेग चढता असल्याचे दिसले.

कारणांची विभागणी : पाणी तापून प्रसरण पावले किंवा बर्फ वितळून त्यात भर पडली, की पातळी वाढते. आर्गो तरंगयंत्रे साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येताना तापमान व क्षारता मोजतात. त्यावरून प्रसरण काढतात. ग्रेस (२००२–१७) व त्यानंतरचे ग्रेस-एफओ हे जोड-उपग्रह गुरुत्वाकर्षणातील फरकांवरून पाण्याच्या वस्तुमानातील बदल देतात. या दोहोंची बेरीज रडारच्या नोंदीशी जुळावी लागते. २०१६ नंतर ती जुळेना, तेव्हा काही आर्गो यंत्रांचे क्षारतामापन व जेसन-३ वरील बाष्पमापन यांत दोष आढळले.

निष्कर्ष : हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१–२०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंमी. वाढली, २००६–१८ मधील वेग वर्षाला ३·७ मिमी. होता. स्थानिक वाढ या सरासरीहून भिन्न असते. बंदरे व किनारी बांधकामे यांच्यासाठी जमिनीच्या हालचालीसह मिळणारी सापेक्ष पातळीच विचारात घ्यावी लागते.