अनुमस्तिष्काला इजा, तरी डोळा सावरला कसा?

हा मजकूर वाचताना तुमची नजर ओळीवरून सरकत नाहीये, उड्या मारतेय. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी. या उडीला सॅकेड म्हणतात. ती बहुतेकदा शंभर मिलिसेकंदांच्या आत संपते. डोळ्याने टिपलेलं दृश्य मेंदूच्या वापरात यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उडी चुकतेय हे कळेपर्यंत ती होऊन गेलेली असते. गोफणीतून सुटलेला दगडच म्हणा ना. नेम सुधारायचा तो पुढच्या खेपेला.

तो सुधारतो, हे १९६७ साली सॅम्युएल मॅक्लॉफ्लिन यांनी एका साध्या युक्तीने दाखवलं. ठिपक्याकडे उडी सुरू झाली रे झाली, की ठिपका गुपचूप थोडा मागे घ्यायचा. उडी चालू असताना आपल्याला धड दिसत नाही, त्यामुळे ही लबाडी सहसा लक्षातही येत नाही. पण असं वारंवार केलं की उड्या आपोआप आखूड होतात. ही युक्ती आजही वापरात आहे.

हा हिशोब ठेवतं कोण? १९६९ मध्ये डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स आल्बस यांनी, अनुमस्तिष्काचं बाह्यक हालचाली शिकण्यासाठीच बनलेलं असावं, असा सिद्धांत मांडला होता. डोळ्यांच्या बाबतीत कसून तपासणी झाली ती १९८० साली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लान्स ऑप्टिकन आणि डेव्हिड रॉबिन्सन यांनी माकडांच्या एका डोळ्याचे आडव्या हालचालींचे स्नायू शस्त्रक्रियेने दुबळे केले. (वाचताना अंगावर येतं, हे खरंच.) चांगला डोळा झाकला की मेंदू काही दिवसांत स्नायूंना जोरकस आज्ञा द्यायला शिकतो आणि दुबळ्या डोळ्याच्या उड्याही नेमक्या होतात. अनुमस्तिष्क पूर्ण काढल्यावर मात्र ही दुरुस्ती कायमची बंद पडली. नुसता मधला पट्टा, म्हणजे व्हर्मिस, त्याच्या लगतचा भाग आणि खाली दडलेली फॅस्टिजियल केंद्रकं काढली, तरी उडीची लांबी सुधारेना.

इथे विषय संपला असं वाटेल. पण १९९९ साली शब्ताई बराश, पीटर टीअर आणि सहकाऱ्यांनी वेगळं काही केलं. त्यांनी खालच्या केंद्रकांऐवजी वरच्या बाह्यकाला, व्हर्मिसच्या फक्त डोळ्यांशी संबंधित भागाला, छोटीशी इजा केली. आधी उड्या फारच आखूड पडल्या. पुढे हळूहळू त्यांची सरासरी लांबी पूर्ववत झाली! मग बाह्यकाची गरजच नव्हती का?

नुसती सरासरी पाहून थांबलं असतं तर तसंच वाटलं असतं. त्यांनी पुढे दोन गोष्टी तपासल्या. एक, उड्यांमधली तफावत: ती जास्तच राहिली, कधी उडी लांब, कधी तोकडी. दुसरी, मॅक्लॉफ्लिनची युक्ती: तिला ही माकडं दादच देईनात. झटपट शिकण्याची क्षमता कायमची गेली होती. म्हणजे सावकाश दुरुस्ती आणि झटपट दुरुस्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सावकाश दुरुस्ती बाह्यकाच्या या तुकड्यावाचूनही होऊ शकते. १९८० च्या निष्कर्षाला याने धक्का लागत नाही, कारण तेव्हा केंद्रकंही काढलेली होती. शोधनिबंध वाचताना ‘अनुमस्तिष्काला इजा केली’ एवढं वाचून पुढे जाऊ नका. नेमकं काय कापलं आणि किती दिवसांनी मोजलं, हे आधी शोधा.

मला या निबंधातलं सगळ्यात आवडतं निरीक्षण मात्र तिसरंच आहे. इजा झालेल्या माकडांनी एकाच दिशेला शेकडो उड्या मारल्या, की उड्या हळूहळू तोकड्या होत जात. लेखकांच्या मते निरोगी बाह्यक स्नायूंच्या थकव्यासारखे झटपट होणारे बदल सतत भरून काढत असतं. तुम्ही दिवसभर वाचत बसलात तरी संध्याकाळी नजर शब्दाच्या अलीकडेच पडत नाही, ती बहुधा यामुळेच.