रीतीप्रमाणे करणे

आमच्या कन्येचा जन्म जून १९७९ मधला. म्हणजे पहिली दिवाळी आली तेव्हा ती चार महिन्यांची होती आणि पहिली संक्रांत आली तेव्हा सात महिन्यांची. मूल होण्याआधी आम्हा उभयतांचा समज असा, की लहान मुलाला फक्त वाढदिवस असतात. त्याला सणही असतात, आणि सणामागे 'पहिला' हे विशेषण लागलं की खर्च, पाहुणे आणि सल्ले तिपटीने वाढतात, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळी कशीबशी निभावली. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला पोरीला तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं, तेव्हा तिने असा टाहो फोडला की पहिला फटाका आम्हीच उडवला असं समजून खालच्या मजल्यावरच्यांनी घाईघाईने आपली माळ पेटवली. मग ग्राइप वॉटर पाजलं. शेजारच्या आजींनी बाटलीकडे तुच्छतेने पाहिलं. "आमच्या वेळी बाळंतशोप उकळून पाजायचो. ही इंग्रजी थेरं नव्हती." पुढे कधीतरी वाचनात आलं, की नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने १८५१ साली हे इंग्रजी थेर काढलं, तेव्हा त्यात सोडा होता, थोडा मद्यार्क होता आणि मुख्य म्हणजे शोपेचं तेल होतं. तीच ती, आजींची बाळंतशोप! पण तोवर आजी राहिल्या नव्हत्या. मद्यार्काचं त्यांना कळलं नाही हे एका परीने बरंच झालं.

खरी परीक्षा होती ती संक्रांतीची. पहिल्या संक्रांतीला मुलाचं बोरन्हाण करायचं, हलव्याचे दागिने घालायचे, एवढं आम्हांला ठाऊक होतं. 'कसं' हे ठाऊक नव्हतं. सासूबाई लेकीचं लग्न लावून वर्षभरातच गेल्या होत्या. माझी आई सोलापुरात पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेली. तिला सविस्तर पत्र टाकलं: काय आणायचं, कुणाला बोलवायचं, आधी ओवाळायचं की नंतर? उलटटपाली अंतर्देशीय आलं. त्यातला पाऊण भाग प्लास्टरने व्यापला होता. शेवटी एक ओळ : "बोरन्हाण रीतीप्रमाणे करणे. थंडी जपणे."

जुने कागद वाचणाऱ्यांची म्हणे हीच रड असते. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणीच लिहून ठेवत नाही.

मग आम्ही ग्रंथांकडे वळलो. वाचनालयातून संस्कारांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. सोळा संस्कारांत अन्नप्राशन आहे, चौल आहे. बोरन्हाणाचा पत्ता नाही. याचा अर्थ हा बायकांनी घरच्या घरी काढलेला सण, आणि त्याचं पुस्तक सासूबाई बरोबर घेऊन गेलेल्या. राहता राहिलं भिंतीवरचं 'कालनिर्णय'. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली काढलं, नाहीतर आमच्यासारख्या विभक्त कुटुंबांचं काही खरं नव्हतं. त्यात पुण्यकाळ मिळाला. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण केव्हाही चालतं हे आजींकडून कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तसं पाहिलं तर खुद्द संक्रांतही एका तारखेला स्थिर नाही. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. सत्तर-एक वर्षांत ती साधारण एक दिवस पुढे सरकते. सूर्यालाच जिथे एवढी सवलत, तिथे आम्ही पुढच्या रविवारवर ढकललं तर काय बिघडलं?

आता सामान. बोरं, ऊस, हरभरे, चुरमुरे, शेंगदाणे, गोळ्या. "सगळं कसं पूर्वापार आहे," असं म्हणत मी पिशवी भरली. यातलं बोर तेवढं खरंच पूर्वापार. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननात हजारो वर्षांपूर्वीच्या बोरांच्या आठळ्या सापडल्या आहेत. शेंगदाणा मात्र दक्षिण अमेरिकेतला. १४९२ साली कोलंबस तिकडे धडकण्यापूर्वी आपल्याकडच्या एकाही बाळाच्या डोक्यावर शेंगदाणा पडलेला नाही. आणि गोळ्या? रावळगावचा साखर कारखाना वालचंद हिराचंदांनी काढला १९३३ साली, आणि तिथल्या गोळ्या १९४२ पासूनच्या. म्हणजे ही परंपरा आमच्या हिच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी.

हलव्याने मात्र रडवलं. ऑगस्ट १९७८ मध्ये सरकारने साखर मोकळी केली होती, ती डिसेंबर १९७९ मध्ये पुन्हा अर्धीमुर्धी नियंत्रणाखाली आली. निवडणूक तोंडावर, बाजारात साखरेचा भाव ऐकून चहा कडू लागायचा. रेशनची साखर जपून जपून हिने पाक केला. हलवा करायचा म्हणजे परातीत खसखस किंवा तीळ मंद आचेवर ठेवून थेंब थेंब पाक टाकत बोटांनी हलवत बसायचं, तासन्‌तास. मग म्हणे काटा येतो. आमच्या गॅसला मंद आच ठाऊक नव्हती. काटा हिच्या बोटांवर आला, हलव्याचा एक अखंड दगड झाला. तो पुढे महिनाभर आम्ही चहात बुडवून वापरला.

शेवटी छटाकभर हलवा विकत आणला. काळं झबलं वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांच्या विरलेल्या गाऊनमधून निघालं. दागिन्यांसाठी पुठ्ठा हवा होता. घरात चांगला जाड पुठ्ठा एकच, आमच्या लग्नपत्रिकेचा. हिने त्याचा मुकुट कापला, मैद्याची खळ लावली आणि हलवा एकेक दाणा करून चिकटवला. मुकुट उलटा केला तर आतल्या बाजूला सासूबाईंचं नाव आलेलं, 'आपली नम्र' या शब्दांखाली. कडेचं ते टोक पोरीच्या कानाला लागत होतं, कापायला हवं होतं. हिने कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. मुकुट जरा मागे सारून बसवला. मी ऊस सोलायला गेलो. तो समोरच्या तामिळ बिऱ्हाडाने पोंगलचा म्हणून दिला होता.

रविवारी बिल्डिंगमधली पंधरा-वीस पोरं जमली. ओवाळून झालं. मापटं भरून सगळा मेवा कन्येच्या डोक्यावरून ओतला आणि पोरांनी जी लूट केली तिला तोड नाही. त्या गदारोळात मुकुट नाकावर घसरलेला, कन्या खूश, मी कॅमेऱ्याची कळ शोधतोय. आणि एकदम ती हसायची थांबली. आवाज नाही. चेहरा लाल. हिने मुकुट भिरकावला, पोरीला हातावर पालथं घातलं आणि पाठीत चार दणके दिले. एक शेंगदाणा जमिनीवर पडला आणि पाठोपाठ दिवाळीतला तो टाहो. तेवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

हळदीकुंकू हिने हसतमुखाने उरकलं. रात्री मात्र पोर झोपली तरी ती दिवा मालवू देईना. बराच वेळ तिच्या श्वासावर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, शेंगदाणे घालू नका." असत्या तर त्यांनीही शेंगदाणे घातले असते, असं मला वाटलं. मी बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी दोन नंबरच्या ब्लॉकमध्ये बोरन्हाण निघालं, तेव्हा ही आदल्या दिवशीच जाऊन बसली. बाळाच्या अंगावर फक्त चुरमुरे. बोरं, गोळ्या, दाणे पोरांना वेगळ्या पुड्यांत. पोरांनी थोडी कुरकुर केली. तिसऱ्या वर्षी पुड्या आपोआप आल्या.

आमच्या नातीचं बोरन्हाण २०११ साली पुण्याला झालं. विहीणबाईंनी मोठा थाट मांडला होता, हलव्याचे तयार दागिने डब्यात आलेले. एका पाहुण्या बाईंनी पाहिलं, की मापट्यात नुसते चुरमुरे.

"यांच्याकडे दाणे चालत नाहीत," विहीणबाईंनी हळू आवाजात खुलासा केला. "कुलाचार आहे त्यांचा."

बाईंनी आदराने माझ्याकडे पाहिलं. "हो का? कुलदैवत कुठलं हो तुमचं?"

मी सांगितलं. आमची ही कोपऱ्यात बसून एका पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्याला मैद्याची खळ लावत होती. तिने मान वर केली नाही.

"पूर्वापार आहे," ती म्हणाली.