प्लॅटिनमचा क्षार आणि प्राणवायूचा दाह

१८४५ साली मिकेले पेयरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनम, क्लोरीन आणि अमोनिया ह्यांच्या संयोगाने झालेल्या एका पिवळ्या क्षाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या क्षाराला पुढे त्याचेच नाव पडले. १८९३ साली आल्फ्रेड वेर्नर ह्यांनी त्याच्या अणूंची मांडणी कशी असावी हे सांगितले, आणि त्यानंतर हा क्षार रसायनशास्त्राच्या ग्रंथांत जणू निद्रिस्त होऊन पडला. अंडाशयाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या असंख्य स्त्रियांचे आयुष्य एके दिवशी ह्याच क्षाराने वाढेल, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

अंडाशयाचा कर्करोग हा मोठा मुका रोग आहे. पोट थोडे फुगते, अन्नावरची वासना उडते, कंबर दुखते. संसारात गुंतलेली बाई ह्या गोष्टींकडे अपचन म्हणून दुर्लक्ष करते. वैद्याकडे जाईपर्यंत रोग पोटाच्या पोकळीत पसरलेला असतो आणि तेथे पाणी साचू लागलेले असते. १९७० सालापूर्वी शस्त्रक्रियेनंतर अशा स्त्रियांना मेल्फालानसारखी औषधे देत. महायुद्धांतील विषारी मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून निघालेली ही औषधे काही काळ उपयोगी पडत. पण रोग पुन्हा उलटे आणि मग हाती फारसे काही राहत नसे.

पेयरोनेच्या क्षाराला जाग आली ती मात्र निराळ्याच मार्गाने. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील बार्नेट रोझेनबर्ग हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. पेशी दुभंगताना तिच्यात तंतूंची जी आकृती दिसते, ती लोहचुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या किसासारखी असते, हे पाहून त्यांच्या मनात आले की विद्युत्क्षेत्राचा पेशीविभाजनावर काही परिणाम होतो की काय ते पाहावे. त्यांच्या सहकारी लोरेटा व्हॅन कॅम्प ह्यांच्या साहाय्याने त्यांनी जंतूंच्या द्रवातून वीज सोडली. जंतूंचे विभाजन थांबले. ते नुसतेच लांबत गेले, नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत! बऱ्याच खटपटीनंतर उलगडा झाला, की ही करामत विजेची नव्हे. निष्क्रिय समजून वापरलेल्या प्लॅटिनमच्या कांड्यांतून किंचित धातू विरघळत होता आणि द्रवातील अमोनिया व क्लोरीन ह्यांच्याशी संयोग पावून प्लॅटिनमचे क्षार बनत होते. हे वृत्त १९६५ साली प्रसिद्ध झाले. १९६९ साली उंदरांच्या गाठी ह्या क्षारांनी विरघळल्याचे प्रसिद्ध झाले आणि १९७१ साली पहिल्या रुग्णाला हे औषध देण्यात आले. आज ते सिस्प्लॅटिन ह्या नावाने ओळखले जाते.

लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयातील डॉ. ईव्ह विल्टशॉ ह्यांनी अंडाशयाच्या बळावलेल्या कर्करोगावर ते वापरून पाहिले. १९७६ साली त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत सुमारे पाव रुग्णांचा रोग मागे हटलेला दिसला. इतर औषधे थकली असता मिळालेले हे यश थोडे नव्हते. परंतु त्याची किंमत भयंकर होती. ओकाऱ्यांनी रुग्ण अर्धमेले होत, कानांत घंटा वाजू लागत, आणि मूत्रपिंडे तर इतकी खराब होत की औषधच सोडून द्यावे लागते की काय, असा प्रसंग आला होता.

मूत्रपिंडेच का जळावीत? ह्याचे उत्तर समजण्यासाठी प्राणवायूच्या कथेकडे वळले पाहिजे. चुलीतील अग्नी ज्या वायूवर पेटतो, त्याच वायूवर आपला देहही चालतो. चुलीत मात्र ज्वाळा उठते, आणि पेशीत हे ज्वलन पायरीपायरीने, झाकून-झाकून होते. तरीही अधूनमधून एखादी ठिणगी उडतेच. अर्धवट क्षपण पावलेले प्राणवायूचे हे उतावळे रेणू जे समोर येईल त्याला चावतात; मग ते पेशीचे स्निग्ध आवरण असो, प्रथिन असो वा आनुवंशिक द्रव्य असो. अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन ह्या विदुषीने १९५४ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथून असे प्रतिपादन केले, की अति प्राणवायूने होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी हानी ह्यांच्या मुळाशी हीच एक क्रिया आहे. त्या वेळी ह्या विचाराकडे अनेकांनी संशयाने पाहिले. १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच ह्यांनी अशा ठिणग्या विझविणारे एक विकर शरीरातच असल्याचे दाखविले, तेव्हा संशयाला जागा उरली नाही. ठिणग्या उडणे आणि त्या विझविणे ह्यांचा तोल बिघडला म्हणजे जी अवस्था येते, तिला १९८५ साली जर्मनीतील हेल्मुट झीस ह्यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ असे नाव दिले. मराठीत तिला प्राणवायूजन्य ताण म्हणता येईल.

सिस्प्लॅटिनचे मुख्य काम पेशीच्या आनुवंशिक द्रव्याला गाठी मारण्याचे आहे. पण प्लॅटिनमला गंधकाची मोठी ओढ. पेशीत ग्लुटाथायोन नावाचे एक गंधकयुक्त द्रव्य असते. केंब्रिजच्या हॉपकिन्स ह्यांनी १९२१ साली त्याला हे नाव दिले. ठिणग्या विझविणाऱ्यांत ते अग्रेसर. प्लॅटिनम त्यालाच जखडून टाकते. शिवाय पेशीतील ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे बिघडवून अधिक ठिणग्या उडविते. म्हणजे आग लावायची आणि पाणीही पळवायचे! कर्कपेशी मरते, त्यात ह्या दाहाचाही वाटा आहे. परंतु मूत्रपिंडाच्या पेशी हे औषध रक्तातून ओढून आपल्यात साठवितात आणि म्हणून त्याही होरपळतात. अंतःकर्णातील नाजूक पेशींचीही हीच गत होते.

ह्यावर पहिला उतारा सापडला तो अगदी साधा. १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातील डॉक्टरांनी दाखवून दिले, की आधी शिरेतून भरपूर मिठाचे पाणी आणि त्याबरोबर मॅनिटॉल ही मूत्रल शर्करा दिली, तर मूत्रपिंडे बरीच वाचतात. हेतू एवढाच की लघवीचा ओघ वाढावा. त्यांनी हे केले नसते तर १९७८ च्या डिसेंबरात सिस्प्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळती की नाही, ह्याची शंकाच आहे. वैद्यकाच्या इतिहासात चतुर शोधांचे पोवाडे पुष्कळ गायिले जातात. मिठाच्या पाण्याच्या बाटलीचा पोवाडा मात्र कोणी गात नाही.

दुसरा उतारा आला तो सैन्याच्या प्रयोगशाळेतून. अणुयुद्ध झालेच तर सैनिकांना किरणोत्सर्गापासून वाचवावे, म्हणून अमेरिकेच्या वॉल्टर रीड संस्थेने हजारो द्रव्ये तपासली. त्यांतील एक गंधकयुक्त द्रव्य म्हणजे ॲमिफॉस्टिन. गेर्शमन ह्यांचे म्हणणे ध्यानात घेतले, तर किरणांवरचे औषध प्लॅटिनमवरही का चालावे हे उमगते. अंडाशयाचा बळावलेला कर्करोग असलेल्या २४२ स्त्रियांवर त्याची परीक्षा झाली. मूत्रपिंडांचे रक्षण झाले आणि १९९५ साली त्याला मान्यता मिळाली. पण त्याने रक्तदाब एकाएकी उतरे, ओकाऱ्याही होत. आता अंडाशयाच्या रोगात ते क्वचितच वापरले जाते.

मग प्रत्यक्ष ग्लुटाथायोनच का देऊ नये? हाही प्रयोग झाला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश परीक्षेत अंडाशयाच्या कर्करोगाच्या १५१ स्त्रियांपैकी काहींना सिस्प्लॅटिनबरोबर ग्लुटाथायोन देण्यात आले. उपचाराच्या सहाही फेऱ्या पुऱ्या करू शकलेल्या स्त्रिया ह्या गटात शेकडा ५८, तर दुसऱ्या गटात ३९ होत्या. आकडे आशा वाटावी असेच आहेत. परंतु पाचच वर्षांपूर्वी, १९९२ साली, अमेरिकन संशोधकांनी अंडाशयाच्या कर्कपेशी सिस्प्लॅटिनच्या वाढत्या मात्रेत वाढवून पाहिल्या होत्या. ज्या पेशी औषधाला दाद देईनाशा झाल्या, त्यांच्यात ग्लुटाथायोनचा साठा प्रचंड वाढलेला आढळला. जी ढाल मूत्रपिंडाला वाचविते, तीच ढाल शत्रूच्याही हाती असते! त्या ब्रिटिश परीक्षेत ढालीमुळे रोगाचे फावल्याचे दिसले नाही, हे खरे. तरी डॉक्टरांच्या मनातली ही धास्ती पूर्णपणे गेलेली नाही, आणि ती जाऊ नये हेच बरे.

जीवनसत्त्वांची गोष्टही बोधप्रद आहे. हॉलंडमधील लायडन येथील डॉक्टरांना १९९८ साली असे आढळले, की सिस्प्लॅटिनच्या उपचारात रुग्णांच्या रक्तातील ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे घटतात. घटतात तर भरून काढावीत, हा विचार कोणालाही सुचेल. त्यांनी ही जीवनसत्त्वे आणि सेलेनियम देऊन पाहिले. २००४ साली निष्कर्ष आला: मूत्रपिंडांना आणि कानांना त्याचा ठळक लाभ झाला नाही. घरोघरी शेजारणी-पाजारणी रुग्णाला ‘ताकदीच्या’ गोळ्या सुचवितात, त्यांना हे ठाऊक नसते. उपचार चालू असताना अशी गोळी डॉक्टरांना न विचारता घेणे म्हणजे ढाल कोणाच्या हाती जाणार हे न पाहताच ती फेकणे होय.

प्लॅटिनमला पुढे एक जोडीदार मिळाला आणि त्याच्या शोधात महाराष्ट्राचा सुपुत्र आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी ह्यांनी मन्रो वॉल ह्यांच्याबरोबर अमेरिकेतील एका यू वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य वेगळे केले. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. १९९६ साली छापलेल्या मोठ्या परीक्षेत सिस्प्लॅटिनबरोबर हे औषध घेणाऱ्या स्त्रियांचे मध्यम आयुर्मान ३८ महिने भरले. जुन्या जोडीत ते २४ महिने होते. हे औषधही पेशींत ठिणग्या उडविते, असे प्रयोगशाळेत दिसते. बोटांना येणाऱ्या मुंग्यांशी त्याचा संबंध जोडला जातो.

दरम्यान रसायनज्ञांनी पेयरोनेच्या क्षारातील क्लोरीन काढून त्याच्या जागी अधिक घट्ट बसणारा भाग जोडला आणि कार्बोप्लॅटिन तयार केले. ते सावकाश काम करते, मूत्रपिंडांना फारसे दुखवीत नाही. रक्तातील बिंबाणू मात्र घटविते. अंडाशयाच्या कर्करोगात ते सिस्प्लॅटिनइतकेच गुणकारी आहे, हे २००३ साली दोन मोठ्या परीक्षांनी दाखविले, आणि तेव्हापासून बहुतेक स्त्रियांना पॅक्लिटॅक्सेलबरोबर तेच दिले जाते. ज्यांना सिस्प्लॅटिनच द्यावे लागते, त्यांच्या खाटेशी मात्र आजही आधी मिठाच्या पाण्याची बाटली टांगली जाते.