उसाला आलेला तुरा

दिवाळीच्या आगेमागे पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीशी बसले, की कोरेगाव-रहिमतपूरच्या पट्ट्यात उसाच्या शेंड्यांवर रुपेरी तुरे डोलताना दिसतात. शहरातून आलेल्या माणसाला ते दृश्य देखणे वाटते, तो फोटो काढतो. ज्याचा ऊस आहे, त्याच्या कपाळावर मात्र आठी असते. तुरा आला म्हणजे वाढ खुंटली. शेंड्यातला जो अंकुर नवी पेरे काढत होता, त्याचाच फुलोरा झाला. आता पेर वाढणार नाही. काही आठवडे साखर टिकते, थोडी वाढतेसुद्धा. पण कारखान्याची तोड लांबली, तर वरची पेरे पोकळ होऊन दशी पडते, डोळे फुटून पांगशा निघतात आणि वजन घटते. म्हणून तुऱ्याच्या फडाची तोड आधी मिळावी, यासाठी गावोगाव धावपळ चालते.

तुरा हे उसाचे फूल. म्हणजे ज्या अवयवासाठी सारी वनस्पतिसृष्टी धडपडते, तो उसाने काढला की आपण कष्टी होतो. याचे कारण उघड आहे, आपल्याला उसाचे बी नकोच असते. आपण त्याची कांडी लावतो.

आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वी नेमका टिपला आहे. ज्वारीचे, घेवड्याचे, हरभऱ्याचे ते 'बी'. ऊस, हळद, आले यांचे ते 'बेणे'. (साताऱ्याकडे इरसाल माणसालाही 'लई बेणं हाय' म्हणतात. अस्सल, मुळातला गडी, असा त्यामागे भाव असावा.) बी म्हणजे नर आणि मादी यांच्या मीलनातून झालेला नवा जीव. बेणे म्हणजे जुन्याच जिवाचा तुकडा. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली, की डोळ्यातून जो कोंब येतो, तो मूळ उसाचे अपत्य नसतो, तो ऊसच पुढे चालू राहिलेला असतो. खोडवा, निडवा हाही तोच. त्या अर्थाने एखाद्या जातीचा राज्यभरातला सगळा ऊस म्हणजे एकच झाड, लाखो तुकड्यांत लावलेले.

कोरेगाव तालुक्यात ही दोन्ही कुळे शेजारी नांदतात. भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा बियांवर चालतो. शेंग फुगायच्या आधी, फुलाच्या आतच त्याचे परागीभवन उरकते आणि शेतकरी पुढच्या सालासाठी घरचे बी राखून ठेवतो. आल्याचा आणि हळदीचा संसार अगदी निराळा. हळदीला देखणी फुले येतात, पण तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ६३. जोडीने विभागणी करायची तर तीनाचे दोन सारखे वाटे पडत नाहीत, त्यामुळे बी धरणे जवळजवळ अशक्य. आल्याच्या गुणसूत्रांचा हिशेब सरळ, दोन संच, २२. तरीही त्याला शेतात बी धरलेले कुणी पाहत नाही. हळदीचा शेतकरी लागणीला जेठे गड्डे वापरतो आणि काढणीच्या वेळी जो मूळचा लावलेला, नव्या फुटव्यांना पोसून सुरकुतलेला गड्डा हाती लागतो, त्याला सोरा गड्डा म्हणतो. आई वेगळी ओळखता यावी, यासाठी एक शब्द राखून ठेवणारे पीक दुसरे मला आठवत नाही.

हळदीचा तो दरवाजा निसर्गानेच बंद केला. उसाचा उघडा होता, फक्त हजारो वर्षे तो कुणी लोटून पाहिला नाही. ऊस कांडीवर येतो, बी धरत नाही, अशी एकोणिसाव्या शतकापर्यंत मळेवाल्यांची पक्की समजूत होती. दोष त्यांचा नव्हे. उसाचे बी जेमतेम दीड मिलिमीटरचे, रेशमी केसांच्या पुंजक्यात गुरफटलेले. वाऱ्याने उडते, थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गमावते आणि उगवलेच तर रोप गवतासारखे दिसते. १८५८च्या सुमारास बार्बाडोस बेटावर अशी रोपे कुणी पाहिली होती, पण ती बातमी हवेत विरली.

दरवाजा उघडला तो संकटाने. १८८०च्या दशकात जावा बेटावर 'सेरेह' नावाच्या रोगाने उसाचे फड बसवले. धष्टपुष्ट ऊस खुरटून गवताच्या झुबक्यासारखा होई. मैदानातले बेणे रोगट, म्हणून डच मळेवाले डोंगरावर बेणेमळे करून तिथून टिपऱ्या खाली आणू लागले. सगळा ऊस एकाच रक्ताचा, त्यामुळे एक पडला की सगळे पडत. त्याच दशकाच्या अखेरीस जावात सोल्टवेडेल यांनी आणि बार्बाडोसवर हॅरिसन व बोव्हेल यांनी उसाचे बी रुजते, हे सिद्ध केले. बी रुजते म्हणजे दोन निरनिराळ्या उसांचे लग्न लावता येते, आणि रोगाला न जुमानणारे अपत्य त्यांच्या पोटी शोधता येते.

हिंदुस्थानात हे काम १९१२ साली कोइमतूरला सुरू झाले. मद्रास इलाख्यात उसाच्या लाल कूज रोगावर काम केलेले डॉ. चार्ल्स बार्बर हे त्या ऊस पैदास केंद्राचे पहिले प्रमुख आणि टी. एस. वेंकटरामन हे त्यांचे सहकारी. केंद्राची गरज उत्तर भारताला होती. तिथला बारीक, काटक देशी ऊस साखर कमी देई. मग केंद्र दक्षिणेत का? तर तुऱ्यासाठी. ऊस दिवसाची लांबी मोजतो. पावसाळा सरताना दिवस साडेबारा तासांच्या खाली उतरू लागला, की शेंड्यात फुलोऱ्याची तयारी सुरू होते, मात्र तोवर खोडाला काही पेरे झालेली हवीत. आपल्याकडे आडसाली उसाला दुसऱ्या भाद्रपदापर्यंत वर्ष उलटलेले असते, म्हणून त्याला तुरा हटकून येतो. नुसता तुरा येऊन मात्र भागत नाही. परागकण जिवंत राहण्यासाठी रात्री उबदार लागतात. उत्तरेत थंडीने पराग मरतो. आपल्या साडेसतरा अंशांवरही कार्तिकातल्या रात्री गारठ्याच्या असल्याने रहिमतपूरच्या बांधावरचा तुरा बहुधा वांझच जातो. कोइमतूर अकरा अंशांवर, तिथे पराग पिवळाजर्द आणि सकस.

पहाटे, दव असतानाच, उसाचे परागकोश फुटतात. ज्या जातीचा स्वतःचा पराग निकामी, ती मादी म्हणून निवडायची. तिच्या तुऱ्यावर नराचा तुरा धरून पराग झटकायचा. तेवढेच लग्न. महिनाभराने पिसांसारखा बियांचा पुंजका हाती येतो.

बार्बर-वेंकटरामन यांनी केलेले एक लग्न त्या काळी विजोडच वाटले असणार. मादी 'वेल्लै', दक्षिणेतला जाडजूड, रसाळ ऊस. नर म्हणजे ओढ्याकाठी, पडीक रानात उगवणारे काश गवत, सॅकरम स्पॉन्टेनियम. शरद ऋतूच्या वर्णनात कवींनी ज्याच्या पांढऱ्या फुलांवरून लेखणी फिरवली, तेच हे काश. त्याच्यात साखर नावापुरती, पण दुष्काळ, पूर, रोग, काहीही सोसायची ताकद अफाट. या जोडीतून झालेला को २०५ हा १९१८ साली पंजाबसाठी बाहेर पडला. 'को' म्हणजे कोइमतूर. आपले शेतकरी आजही जातींची नावे 'सातशेचाळीस', 'शहाऐंशी बत्तीस' अशी आकड्यांनी घेतात, त्या आकड्यांचा उगम इथे आहे.

या लग्नात एक गंमत झाली, ती पुढे जावातल्या ब्रेमर या डच संशोधकाने उलगडली. सामान्यतः आई आणि बाप आपापली निम्मी गुणसूत्रे अपत्याला देतात. वेल्लैची ८०, कोइमतूरच्या काशाची ६४. हिशेबाने अपत्याला ४० अधिक ३२ म्हणजे ७२ यायला हवीत. को २०५मध्ये निघाली ११२. उसाने निम्मी दिली नाहीत, सगळीच्या सगळी ८० दिली. काशाने रीतसर ३२. जाड उसाची मादी आणि काशाचा नर असला, की असे होते. त्यामुळे पहिल्याच पिढीत गोडवा फारसा पातळ न होता काशाचा काटकपणा उतरला. एरवी तो साधायला किती पिढ्या गेल्या असत्या, कोण जाणे. आजच्या लागवडीखालच्या उसात शंभर ते एकशेतीस गुणसूत्रे सापडतात, त्याचे मूळ या असल्या लग्नांत आहे. १९३४मध्ये कोइमतूरला आलेल्या जानकी अम्मल यांनी उसाचा संकर मक्याशी, ज्वारीशीही करून पाहिला. या कुळाचे लवचीकपण त्यांच्याइतके खोलवर फार थोड्यांनी तपासले.

आपल्या भागात तोवर 'पुंड्या' हा जाड, मऊ, चावून खायला गोड ऊस मानाचा होता. १९३३ साली को ४१९ आला. त्याची आई जावाची पीओजे २८७८, बाप को २९०. कालव्याच्या पाण्यावर या जातीने दख्खनचे रूप पालटले आणि पुंड्या परड्यापुरता उरला. त्याच्याच आगेमागे, १९३२ साली, सातारा जिल्ह्यात नीरेच्या पट्ट्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. पुढे को ७४०, मग कोसी ६७१, आणि गेले शतक संपता संपता को ८६०३२. ही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांची लेक. ८६ म्हणजे निवडीचे साल. महाराष्ट्रात तिचे नाव 'नीरा'. पाडेगावच्या निवडीतून आलेली 'फुले २६५' तिच्या जोडीला उभी राहिली.

ही नावे भराभर घेतली, तरी त्यामागचा काळ भराभर गेलेला नाही. एका संकराच्या बियांतून हजारो रोपे होतात, प्रत्येक वेगळे, कारण या उसाची गुणसूत्रे दर खेपेला नव्याने पिसली जातात. त्यांतून निवडत, छाटत, खोडवा तपासत, कारखान्याच्या चाचणीत साखर मोजत एक जात निघायला दहा-बारा वर्षे लागतात. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. आणि जी निघते, तिचे लैंगिक आयुष्य तिथेच संपते. त्यानंतर फक्त टिपऱ्या.

मला यात धोका दिसतो, आणि तो जावाच्या काळाइतकाच आजही खरा आहे. टिपरीबरोबर रोगही जातो. काणी, गवताळ वाढ बेण्यातून पसरतात. म्हणूनच बेण्याला गरम हवेची प्रक्रिया द्यायची, मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी ते वाढवायचे, ही व्यवस्था आहे. ती पाळली जाते किती? शेजारच्या फडातला भरलेला ऊस दिसला, की ट्रॉलीभर बेणे तिथून आणले जाते. प्रमाणपत्र मागायला जीभ रेटत नाही, कारण देणारा भावकीतला असतो. ऊतिसंवर्धित रोपे घेतली तर बेणे स्वच्छ मिळते हे खरे, पण जात तीच राहते. धुतलेला सदरा नवा नसतो.

उत्तर प्रदेशाने याची किंमत नुकतीच मोजली आहे. २००९ साली आलेल्या को ०२३८ने तिथले बहुतांश ऊसक्षेत्र व्यापले. साखर उतारा वाढला, कारखाने आणि शेतकरी दोघेही खूश. २०२०च्या आसपास लाल कूज बुरशीने त्या जातीची कवचे भेदली आणि फडच्या फड आतून लाल होऊन वाळले. १९३८ ते ४०च्या दरम्यान त्याच प्रदेशात को २१३ याच रोगाने बसला होता. ऐंशी वर्षांत बुरशी बदलत राहिली, कारण ती पिढ्यांमागून पिढ्या काढते. ऊस मात्र ज्या दिवशी निवडला गेला, त्या दिवशी जिथे होता तिथेच थांबलेला. आपल्याकडे हा रोग तेवढा माजला नाही, यात हवेचा वाटा मोठा आहे. ती कायम आपल्या बाजूने राहील, असे गृहीत धरून एकाच जातीवर किती वर्षे विसंबायचे, हा प्रश्न कारखान्यांच्या सभांत क्वचित निघतो. तिथे चर्चा दराची असते, आणि दराची असणे स्वाभाविकही आहे.

महाराष्ट्राने आपल्या पुरता एक मार्ग काढला आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आंबोलीच्या दमट हवेत ऊस संकराचे केंद्र केले. पाडेगाव तर वर्षानुवर्षे कोइमतूरच्या राष्ट्रीय संकर उद्यानातून बियांचे पुंजके आणून पेरत आले आहे. म्हणजे इथल्या फडात उभ्या असलेल्या प्रत्येक उसाच्या मागे, कुठेतरी दक्षिणेत, एका पहाटे कुणीतरी तुऱ्यावर तुरा झटकलेला असतो.

कार्तिकात तुळशीचे लग्न लावताना वृंदावनाच्या चारी कोपऱ्यांना ऊस बांधतात. त्याच दिवसांत कोइमतूरला संकराचा हंगाम भरात असतो. तिथला पुंजका वाळवून, थंडीत जपून पाडेगावला पोचतो आणि ऊब सुरू झाली की भुसभुशीत मातीवर तो पसरतात. आठवडाभरात हिरवी लव दिसू लागते. पहिले काही आठवडे ती रोपे इतकी बारीक असतात, की खुरपणाऱ्या बाईला सांगावे लागते, हे उपटू नका, हा ऊस आहे.